जोडीदाराचं ग्रीन कार्ड: फॉर्म भरण्याआधी फाइल कशी लावायची

लग्न अगदी खरं असतं, दोघं सुखाने नांदत असतात, आणि तरीही अमेरिकेतली ग्रीन कार्डाची केस महिनोन्‌महिने अडकून पडते. कारण कागदात असतं. पासपोर्टवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं. शाळेच्या दाखल्यावर वेगळी जन्मतारीख. लग्नानंतरही ‘सिंगल’ म्हणून भरलेला टॅक्स. म्हणून आय-१३० (नातं दाखवणारा पहिला अर्ज) उघडण्याआधी आठ-पंधरा दिवस फक्त कागद गोळा करून एकमेकांशी ताडून बघण्यासाठी ठेवा. आणि हे काम दोघांनी मिळून करा. अर्ज जोडीदाराचा आहे, सही त्याची किंवा तिची आहे, मुलाखतीत शपथेवर उत्तरंही त्यालाच द्यायची आहेत. आपल्या फाइलमध्ये काय लिहिलंय हे ज्याला ठाऊक नाही, तो मुलाखतीत गडबडतो.

आधी रस्ता कोणता ते ठरवा

दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: तुम्ही नागरिक आहात की ग्रीन कार्डधारक, आणि जोडीदार सध्या अमेरिकेत आहे की भारतात.

तुम्ही नागरिक असाल तर जोडीदार ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ ठरतो. त्याला वार्षिक कोटा नाही, रांग नाही. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार ‘एफ-२ए’ वर्गात येतो आणि त्याला दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधली तारीख बघावी लागते. केस चालू असताना तुम्ही नागरिक झालात तर तसं कळवून वर्ग बदलून घेता येतो. मात्र एक अडचण आधीच लक्षात घ्या. एफ-२एमध्ये जोडीदाराचं मूल त्याच अर्जावर येऊ शकतं, इमिजिएट रिलेटिव्हमध्ये येत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. सावत्र मुलासाठी अर्ज करायचा तर तुमचं लग्न मूल अठरा वर्षांचं होण्याआधी झालेलं असावं लागतं.

जोडीदार अमेरिकेत कायदेशीर तपासणी होऊन आलेला असेल आणि तुम्ही नागरिक असाल, तर आय-१३० आणि आय-४८५ (अमेरिकेतूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज) एकत्र पाठवता येतात. मधल्या काळात स्टेटस संपलं असलं तरी नागरिकाच्या जोडीदाराला ते आडवं येत नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र येतं, म्हणून एफ-२एवाल्यांनी स्टेटसमध्ये एक दिवसाचीही फट पडू देऊ नये. आय-९४ची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीची, प्रत सीबीपीच्या (सीमा तपासणी खात्याच्या) साइटवरून आजच उतरवून घ्या; ‘कायदेशीर प्रवेश’ याचा पुरावा तोच.

जोडीदार भारतात असेल तर आय-१३० मंजूर झाल्यावर केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी, डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि कागद अपलोड करणं हे सगळं झालं की मुलाखत, ती साधारणपणे मुंबईच्या वकिलातीत. या रस्त्यात पासपोर्ट सेवा केंद्रातून काढलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही लागतं. ते दोन वर्षं चालतं, म्हणून केस सुरू होताच काढून ठेवण्यात अर्थ नाही; कागद अपलोड करायची वेळ जवळ आली की काढा. जोडीदार आणखी कुठल्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिला असेल, दुबईत किंवा सिंगापूरला नोकरी केली असेल, तर तिथलंही सर्टिफिकेट लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

टुरिस्ट व्हिसावर बोलावून घेऊ आणि इथे आल्यावर अर्ज करू, असा सल्ला ओळखीतून हमखास मिळतो. तो ऐकू नका. कायमचं राहायचं मनात ठरवून टुरिस्ट म्हणून प्रवेश केला तर ती फसवणूक धरली जाऊ शकते, आणि तो डाग नुसत्या लग्नाने पुसला जात नाही.

नावं आणि तारखा: एक कागद, एक तक्ता

मराठी माणसाच्या नावाने अमेरिकी फॉर्म जितका गोंधळतो तितका दुसऱ्या कशानेच नाही. एक मोठा कागद घ्या. डावीकडे एकाखाली एक कागदपत्रं लिहा: पासपोर्ट, जुना पासपोर्ट, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, लग्नाचं प्रमाणपत्र, डिग्री, अमेरिकी व्हिसा, आय-९४. पुढच्या रकान्यांत त्या त्या कागदावर आहे तसंच नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईचं नाव, वडिलांचं नाव उतरवा. स्पेलिंग अक्षर न् अक्षर तसंच. दत्तात्रयच्या शेवटी ‘ए’ आहे की नाही, विजयमध्ये व्ही आहे की डब्ल्यू, आईचं माहेरचं नाव आहे की सासरचं, हे सगळं या तक्त्यात एका नजरेत दिसतं. जिथे फरक दिसेल तिथे लाल खूण करा.

मग फॉर्ममध्ये पासपोर्टवरचं नाव धरा. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, फॉर्मवर मात्र तीन चौकटी असतात. वडिलांचं नाव मधल्या चौकटीत टाकायचं ठरवलं तर आय-१३०, आय-१३०ए (जोडीदाराची माहिती), आय-४८५, आय-७६५ (वर्क परमिटचा अर्ज) या सगळ्यांत तिथेच टाका. एका फॉर्मवर मधलं नाव आणि दुसऱ्यावर पहिल्या नावाला जोडून, असं झालं की कार्डं वेगवेगळ्या नावांनी छापून येतात आणि मग सोशल सिक्युरिटीपासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत प्रत्येक ठिकाणी खेटे घालावे लागतात.

‘पूर्वी वापरलेली नावं’ या चौकटीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. माहेरचं पूर्ण नाव तिथे लिहा. लग्नात तांदळात लिहून बदललेलं नाव एखाद्या कागदावर, बँकेत किंवा रेशनकार्डावर उमटलं असेल तर तेही लिहा. नाव राजपत्रातून बदललं असेल तर त्या राजपत्राचं पान फाइलला जोडा.

जन्मतारखेतला फरक हा जास्त गंभीर. शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेली मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि नगरपालिकेच्या नोंदीत खरी तारीख निराळी असते. असं असेल तर कोणती तारीख खरी ते ठरवा आणि चुकीचा कागद अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. अर्ज गेल्यावर पासपोर्टवरची तारीख बदलली तर त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

जन्मदाखला

महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने दिलेला दाखला हवा. हॉस्पिटलचं कार्ड चालत नाही. त्यावर बाळाचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, आईवडील दोघांची नावं आणि नोंदणीची तारीख असायला हवी. जुन्या नोंदींत नावाची जागा कोरी असते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. ज्या कार्यालयात नोंद आहे तिथेच नाव समाविष्ट करून नवा दाखला काढा.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे उशिरा झालेली नोंद. जन्म १९९० चा आणि नोंदणी २०१२ ची, असा दाखला एकटा पाठवला की जास्तीचा पुरावा मागणारी नोटीस, म्हणजे आरएफई, बहुधा येतेच. तेव्हा मागायची वाट न बघता दाखल्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि दोन प्रतिज्ञापत्रं जोडा. नोंदच नसेल तर आधी त्या कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या आणि मग बाकीचे पुरावे लावा. अनुपलब्धता प्रमाणपत्राशिवाय नुसती प्रतिज्ञापत्रं पाठवणं म्हणजे अर्धाच पुरावा.

प्रतिज्ञापत्र देणारा माणूस जन्माच्या वेळी जाणता असावा: आई, वडील, मामा, आत्या. त्यात त्यांचं स्वतःचं नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मगाव, नातं; जोडीदाराचं पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि ठिकाण, आईवडिलांची नावं; आणि हे त्यांना कसं ठाऊक, ते लिहायचं. शेवटचा मुद्दा सर्रास राहून जातो. ‘बाळंतपण माझ्या घरी झालं, मी तेव्हा चोवीस वर्षांची होते’ या एका वाक्याने त्या कागदाला वजन येतं.

लग्नाचा पुरावा म्हणजे विवाह निबंधकाचं प्रमाणपत्र. लग्नपत्रिका किंवा मंगल कार्यालयाची पावती त्याची जागा घेऊ शकत नाही. फॉर्मवर लग्नाची तारीख लिहायची, नोंदणीची नाही. दोन्हींत काही महिन्यांचं अंतर असेल तर फार सांभाळा. दोघांपैकी कुणाचंही आधी लग्न झालं असेल तर प्रत्येक जुन्या लग्नाचा शेवट दाखवणारा कागद, म्हणजे घटस्फोटाचा पूर्ण हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला, हवाच.

मराठीतल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यांवरच्या मजकुरासकट. खाली भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून नाव, सही, पत्ता आणि तारीख द्यायची. नोटरीची सक्ती नाही. भाषांतर जोडप्याबाहेरच्या माणसाकडून करून घेतलेलं बरं. आणि भाषांतरातलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून घ्या. इथे भाषांतरकार स्वतःच्या सवयीने स्पेलिंग लिहितो आणि नवा गोंधळ तयार होतो.

संसाराचा पुरावा

लग्नाचं प्रमाणपत्र लग्न झालं एवढंच सांगतं. संसार खरा आहे हे वेगळं दाखवावं लागतं. सगळ्यात वजनदार पुरावा पैशाचा आणि जबाबदारीचा: दोघांच्या नावाचा घराचा भाडेकरार, ज्यातून खरोखर घरखर्च चालतो असं जॉइंट खातं, आरोग्य आणि गाडीचा विमा, ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यावर किंवा आयुर्विम्यावर लाभार्थी म्हणून जोडीदाराचं नाव, एकत्र भरलेला टॅक्स. अर्जाच्या आदल्या आठवड्यात उघडलेलं आणि पाचशे डॉलर पडून असलेलं खातं कुणालाच पटत नाही. पगार जमा होतोय, किराणा जातोय, भाडं जातंय, असं स्टेटमेंट हवं.

टॅक्सचं नीट बघा. ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर त्या पूर्ण वर्षासाठी तुम्ही विवाहित. लग्नानंतर सवयीने ‘सिंगल’ म्हणून रिटर्न भरला गेला असेल तर अर्जाआधी १०४०-एक्स भरून दुरुस्त करा. लग्न झालं म्हणून एका सरकारी खात्याला सांगायचं आणि दुसऱ्याला अविवाहित म्हणायचं, हे अधिकाऱ्याच्या लगेच डोळ्यांत येतं. जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर डब्ल्यू-७ भरून आयटीआयएन, म्हणजे टॅक्ससाठीचा नंबर, घेता येतो.

फोटो दहा-पंधरा पुरेत, पण वेगवेगळ्या काळातले. साखरपुडा, लग्न, पहिली दिवाळी, सासरच्या मंडळींसोबतचा एखादा, नंतरचे सहलीचे. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहा. लग्नाचे दोनशे फोटो एकाच दिवसाचा पुरावा असतात. जोडीदार भारतात असेल तर प्रवासाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, पाठवलेले पैसे, आणि व्हॉट्सअॅप कॉलच्या नोंदींची दर दोन-तीन महिन्यांतली एखाद-दोन पानं. खासगी संभाषण छापून पाठवायची गरज नाही.

आय-८६४: आर्थिक हमी

हा करार आहे, आणि सही करण्याआधी तो दोघांनी वाचावा. तुमचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात अलास्का आणि हवाई सोडून बाकी राज्यांत दोन माणसांच्या घराला हा आकडा २६,४३७ डॉलर होता. तक्ता दरवर्षी बदलतो, सही करताना चालू वर्षाचा आय-८६४पी बघा. घरातली माणसं मोजताना तुम्ही, जोडीदार, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं आणि पूर्वी हमी दिलेली माणसं, सगळी धरायची. इथे मोजणी चुकते: आईवडिलांना आधी स्पॉन्सर केलं असेल तर तेही यात येतात.

उत्पन्न कमी पडत असेल तर तीन वाटा. एक, घरात राहणाऱ्या नातेवाइकाचं उत्पन्न आय-८६४एने जोडणं. दोन, जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुमच्यासोबत हमी देणारा दुसरा माणूस. तीन, मालमत्ता: नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट. २०२५ च्या त्या आकड्याने उत्पन्न २०,००० असेल तर तूट ६,४३७, म्हणजे १९,३११ डॉलरची, वर्षभरात रोख करता येईल अशी मालमत्ता दाखवावी लागेल. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदारासाठी हाच हिशोब पाचपट होतो. टॅक्स रिटर्नच्या प्रतीऐवजी आयआरएसचा, म्हणजे टॅक्स खात्याचा, ट्रान्स्क्रिप्ट लावा, तो फुकट मिळतो आणि त्यावर शंका येत नाही.

ही हमी घटस्फोटाने संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत, किंवा तो कायमचा देश सोडेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत ती चालू राहते. जॉइंट स्पॉन्सर म्हणून मित्राला विचारताना हे त्याला आधी सांगणं तुमचं कर्तव्य आहे.

मेडिकल

अमेरिकेतून अर्ज करणाऱ्याने यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या यादीतल्या सिव्हिल सर्जनकडेच जायचं. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ हा मेडिकलचा फॉर्म आय-४८५ सोबतच पाठवावा लागतो. नंतर देतो म्हटलं तर अर्ज परत येऊ शकतो. डॉक्टर बंद पाकीट देतो, ते फोडू नका. स्वतःसाठी वेगळी प्रत मागून घ्या.

लसींचा खर्च वाचवायचा असेल तर लहानपणचं लसीकरण कार्ड शोधा. ते नसेल तर कांजिण्या, गोवर वगैरेंसाठी रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती दाखवता येते का ते डॉक्टरला विचारा. क्षयाची तपासणी रक्तावर होते, आणि लहानपणच्या बीसीजीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे लागतो, घाबरून जायचं कारण नाही. भारतातून जाणाऱ्यांची तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे होते. तिथे एक्स-रेत काही दिसलं आणि थुंकीचं कल्चर करावं लागलं तर काही आठवडे जातात, म्हणून मेडिकल मुलाखतीच्या अगदी तोंडावर ठेवू नका आणि मेडिकलआधी विमानाचं तिकीट काढू नका.

पाठवताना

फॉर्मच्या तळाशी छापलेली आवृत्तीची तारीख यूएससीआयएसच्या पानाशी ताडून बघा; जुनी आवृत्ती परत येते. तारखा महिना-दिवस-वर्ष अशा क्रमाने. सही हाताने केलेली हवी, टाइप केलेली चालत नाही, आणि एकाही फॉर्मवर ती राहिली तर पूर्ण पाकीट परत येऊ शकतं. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात आय-१३० कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५. आय-४८५ ला १,४४०. सोबतच्या वर्क परमिटला २६०. ॲडव्हान्स पॅरोलला, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीला, ६३०. पाठवायच्या दिवशी दर पुन्हा बघा, एक डॉलर कमी पडला तरी अर्ज स्वीकारत नाहीत. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून कागदी अर्जासाठी चेक आणि मनीऑर्डर सहसा घेत नाहीत. कार्डासाठी जी-१४५० किंवा खात्यातून पैसे वळते करण्यासाठी जी-१६५० जोडायचा.

पूर्ण पाकिटाची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन प्रत काढा. ती दोघांकडे हवी, जोडीदाराच्या स्वतःच्या ईमेलवर. यूएससीआयएसच्या खात्याचा पासवर्डही त्याच्याकडे असू द्या.

वाट पाहताना

आय-४८५ चालू असताना ॲडव्हान्स पॅरोल हातात पडल्याशिवाय देश सोडला की अर्ज सोडून दिला असं धरतात. वैध एच-१बी, एच-४, एल-१, एल-२ वाल्यांना यातून सूट आहे. भारतात कुणी आजारी पडलं आणि धावत जावं लागलं, हा प्रसंग कुणावरही येतो, म्हणून पॅरोलचा आय-१३१ सुरुवातीलाच टाका. ज्याच्या स्टेटसमध्ये १८० दिवसांहून मोठी फट आहे त्याने इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पॅरोल असला तरी बाहेर जाऊ नये. बाहेर पडल्यावर तीन किंवा दहा वर्षांची बंदी लागू होण्याचा प्रश्न तिथे उभा राहतो.

काम ईएडी कार्ड, म्हणजे वर्क परमिट, आल्यावरच. आय-७६५ मध्ये सोशल सिक्युरिटी कार्डाच्या चौकटीत खूण केली तर वेगळं जावं लागत नाही. घर बदललं तर दहा दिवसांच्या आत एआर-११ हा पत्ता बदलल्याचा फॉर्म.

आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढताना फार सांभाळायचं. काउंटरवर किंवा स्क्रीनवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, आणि भराभर ‘हो’ दाबलं जातं. आपण अमेरिकी नागरिक आहोत असं खोटं सांगणं, नोकरीच्या आय-९ वर चुकीची चौकट भरणंसुद्धा, कायमचा अडथळा ठरू शकतं. जोडीदार एकटा जाणार असेल तर हे आधी शांतपणे समजावून सांगा.

मुलाखत

फील्ड ऑफिसच्या मुलाखतीला दोघांनी जायचं, वकिलातीत बहुधा जोडीदाराला एकट्यालाच. मूळ कागद, अर्ज पाठवल्यानंतरचे नवे पुरावे, ताजा टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट आणि अर्जाची प्रत सोबत. आदल्या रात्री उत्तरं पाठ करण्याऐवजी आपलाच फॉर्म एकदा पूर्ण वाचा: पत्ते, नोकऱ्यांच्या तारखा, भेट कधी झाली, लग्न कुठे लागलं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाजाने दिलेलं उत्तर फाइलशी जुळलं नाही तर ते विस्मरण राहत नाही, विसंगती होते. इंग्रजीचा आत्मविश्वास नसेल तर दुभाषी न्या. त्यासाठी तुम्ही चालणार नाही असंच धरून चाला.

कार्ड हातात आल्यावर

कायम वास्तव्य मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं, अटींसह. भारतातून येणाऱ्यांसाठी हा दिवस म्हणजे अमेरिकेत प्रवेशाचा दिवस. लग्नाचा दुसरा वाढदिवस आठवड्यावर आला असेल आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर तो उलटल्यावर यावं. दहा वर्षांचं कार्ड मिळतं आणि पुढचा एक मोठा अर्ज वाचतो.

दोन वर्षांचं कार्ड असेल तर ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अटी काढण्याचा अर्ज भरायचा. त्याआधी पाठवला तर परत येतो, उशीर झाला तर वास्तव्यच धोक्यात. फी ७५० डॉलर. पावतीने कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढते, ती पावती कार्डासोबत जपून ठेवा. यासाठी पुरावा पुन्हा लागतो, या वेळी कार्ड मिळाल्यानंतरच्या काळाचा, म्हणून एक फोल्डर आजपासूनच सुरू करा आणि दर तिमाहीला भाडं, बँक, विमा यांचं एकेक पान त्यात टाका.

आय-७५१ साधारणपणे दोघांनी मिळून भरतात. घटस्फोट झाला असेल किंवा जोडीदाराला मारहाण, छळ सोसावा लागत असेल, तर तो एकट्याने सूट मागून भरता येतो. ग्रीन कार्ड मिळायच्या आधीच छळ होत असेल तर पीडित जोडीदाराला व्हीएडब्ल्यूए या छळाविरुद्धच्या कायद्याखाली आय-३६० हा स्वतःचा अर्ज, समोरच्याला न कळवता करता येतो. ‘माझ्याशिवाय तुझं कार्ड होणार नाही’ ही धमकी खोटी आहे, हे फाइल सुरू होते त्या दिवशीच जोडीदाराला ठाऊक असायला हवं. पासपोर्ट, जन्मदाखला, रिसीट नोटिसा ज्याच्या त्याच्या ताब्यात राहू द्या.